स्लॅब भरण्याआधीचे दहा दिवस

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“सोलापुरातल्या शेळगीत आमचं १९९७ सालचं घर आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आता वर मुलासाठी दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि न्हाणी-संडास बांधतोय. भिंती झाल्या, सेंट्रिंग लागलंय, दहा दिवसांनी स्लॅब भरायचा आहे. सूनबाई घरीच शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. तिचं मोटरचं मशीन आणि इस्त्री वर जाणार. पुढेमागे एसी लावायचा विचार आहे. वायरमन म्हणतो, खालच्या हॉलच्या बोर्डातून अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) वायर वर ओढतो, वर सगळीकडं एकची टाकतो, अर्थिंगला वेगळा खड्डा कशाला, थ्री-पिनच्या अर्थला न्यूट्रलच जोडून देतो, सगळे असंच करतात. खर्च कमी येतो हे खरं, पण मन मानत नाही. जिन्यातला दिवा खालून-वरून दोन्हीकडून लागायला हवा. मीटर आहे तेच चालेल की मुलाच्या नावे दुसरं घ्यावं? आणि हाच वायरमन ठेवावा का?”

नमस्कार.

मन मानत नाही, ते बरोबर आहे. वायरमनने सुचवलेल्या गोष्टींपैकी काही नुसत्या काटकसरीच्या आहेत, पण अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडणं जीवघेणं आहे. म्हणून स्लॅबची घाई असली तरी सुरुवात तिथून.

न्यूट्रल ही करंटची रोजची परतीची वाट. अर्थ ही फक्त बिघाडाच्या वेळची वाट. दोन्ही एकाच तारेवर टाकल्या आणि ती तार कुठं तरी सुटली, तर काय होतं ते बघा. मीटरपेटीतला न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला किंवा खांबावरचा जोड जळाला, असं समजा. घरातले दिवे गेले, सगळ्यांना वाटलं लाइट गेली. पण फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी तार, घरात आलेलाच आहे. तो फ्रिजच्या आतून न्यूट्रलच्या तारेवर येतो, पुढं जायला रस्ता नाही, आणि तीच तार अर्थच्या पिनेवरून फ्रिजच्या पत्र्याला जोडलेली. म्हणजे बंद पडलेल्या फ्रिजच्या हँडलवर २३० व्होल्ट. एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारं बटण) पडत नाही, कारण तिला जास्तीचा करंट दिसतच नाही. आता पाणी घ्यायला अनवाणी जाऊन दार उघडणारा माणूस हीच परतीची वाट. ‘सगळे असंच करतात’ हे दुर्दैवानं बरंचसं खरं आहे, पण तुम्ही करू देऊ नका.

आता स्लॅब, कारण भरल्यावर तिथं काही बदलता येत नाही.

वरचा स्लॅब म्हणजे गच्चीचा स्लॅब. सोलापूरच्या मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर असते, उघड्या काँक्रीटच्या पोटात त्याहून जास्त. वायरीची क्षमता हवेच्या ४० अंशांवर मोजलेली असते. पाइपातल्या तांब्याच्या पीव्हीसी वायरीला साधारण हिशेब असा धरतात: दीडची १३ अँपिअर, अडीचची १८, चारची २४, सहाची ३१, दहाची ४२. हीच वायर ५० अंशांच्या जागेत गेली की क्षमता १८ टक्क्यांनी उतरते. म्हणजे अडीचची १८ वरून पावणेपंधरावर येते. तिच्यावर १६ अँपिअरची एमसीबी बसवली तर वायर आधी तापेल, एमसीबी मागून पडेल. त्यात एकाच पाइपात दोन-तीन सर्किटं कोंबली, तर क्षमता आणखी २०-३० टक्के खाली.

म्हणून साधी वाटणी करा: स्लॅबमध्ये फक्त दिवे आणि पंखे. एसी, गीझर, किचन, इस्त्री यांचे पाइप खालून, म्हणजे जुन्या स्लॅबवर फरशीखाली जो भराव पडणार आहे त्यातून न्या. तिथं सावली असते, क्षमता पुरी मिळते आणि गच्चीच्या स्लॅबमधली पाइपांची गर्दीही कमी होते. मात्र न्हाणीच्या फरशीखालून एकही पाइप नेऊ नका. आणि प्लंबरच्या आधी पाइप पडले असतील तर त्याला जागा दाखवून ठेवा. फरशीखालचा वायरचा पाइप फुटतो तो बहुतेक वेळा प्लंबरच्या ड्रिलनंच.

स्लॅबमध्ये पाइप २५ मिलिमीटरचाच आणि जाड प्रतीचा घ्या. हातानं दाबला तर चपटा होणारा पाइप भिंतीतही नको, स्लॅबमध्ये तर नकोच. पाइप खालच्या सळयांच्या जाळीवर बसला पाहिजे, सेंट्रिंगच्या फळीला चिकटून नाही. तसा राहिला तर फळ्या काढल्यावर छताला पाइपाची रेघ दिसते आणि पुढं तिथंच तडा जातो. दर दोन-अडीच फुटांवर बाइंडिंग वायरनं सळईला बांधा. प्रत्येक जोडाला सोल्व्हंट हवंच. नुसता दाबून बसवलेला सॉकेट व्हायब्रेटरच्या सुईनं सुटतो आणि पाइपात सिमेंटचं पाणी जाऊन दगड होतो. कोपऱ्याला एल्बो नको, मोठा बेंड वापरा. एका बॉक्सपासून दुसऱ्यापर्यंत दोनपेक्षा जास्त बेंड आले की वायर ओढताना घासते. स्लॅब ५ इंचाचा असेल तर एकावर एक दोन पाइप गेले की तिथं दोन इंच जागा पाइपांचीच झाली. तेव्हा पाइप एकमेकांवरून जातील तिथं काटकोनात आणि एकदाच जाऊ द्या. शेजारून जाताना मध्ये खडी बसेल इतकी फट ठेवा, निदान तीन इंच.

फॅन बॉक्स घेताना त्यातून आरपार जाणारी जाड सळई आहे ना ते बघा. ही सळई स्लॅबच्या सळयांवरून अडकवून बांधायची. नुसती टेकवायची नाही. पंख्याचं वजन चार-पाच किलो असतं, पण तो हलतो, आणि वर्षानुवर्षं हलतो. बॉक्सच्या पोटात ओला कागद किंवा थर्माकोल ठासून वर चिकटपट्टी मारा. खोलीचा मध्य मोजताना भिंतीच्या आतल्या बाजूपासून मोजा. गिलाव्याची जाडी दोन्हीकडं सारखीच येईल.

गच्चीवरून खाली मीटरपर्यंत एक २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवा, दोन्ही तोंडं बंद करून. सोलरचं आज मनात नसेल, पण २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि तुमच्या घराची गच्ची आता एक मजला वर गेलीय. नंतर बाहेरून पाइप मारण्यापेक्षा आत्ताचे दोनशे-तीनशे रुपये स्वस्त.

भरण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाइपाचे फोटो काढा, जवळ टेप धरून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे. भरण्याच्या दिवशी वायरमनचा एक माणूस स्लॅबवर उभा हवा. घमेली टाकणाऱ्यांचे पाय पाइपावर पडतातच. तिथल्या तिथं बघणारा कोणी नसेल तर दुरुस्तीला पुढं जागा राहत नाही.

अजून एक गोष्ट स्लॅबआधीच तपासायची. गल्लीतल्या लाइटच्या तारा. खालचं घर होतं तेव्हा त्या लांब होत्या, आता कदाचित हाताच्या अंतरावर आल्या असतील. लो टेन्शनच्या उघड्या तारांपासून सपाट छताला उभं २.५ मीटर आणि आडवं १.२ मीटर अंतर हवं. ११ केव्हीची लाइन असेल तर उभं ३.७ मीटर. इतकं अंतर राहत नसेल तर बांधकाम थांबवून महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या. सळई वर चढवताना तारेला लागून होणारे अपघात नेमके याच टप्प्यावर होतात.

आता भार. अंदाजानं बोलण्यापेक्षा वरच्या मजल्याचा हिशेब मांडू. दिवे-पंखे ३५० वॅट, साठवणीचा गीझर २०००, दीड टनाचा एसी १६००, इंडक्शन शेगडी २०००, मिक्सर ७५०, फ्रिज २००, वॉशिंग मशीन ४००, शिलाई मशीन ४००, इस्त्री १०००, टीव्ही आणि किरकोळ २००. बेरीज ८९०० वॅट. हे सगळं एकदम कधीच चालत नाही. पण हिवाळ्यातली सकाळ धरा: गीझर, इंडक्शन, मिक्सर, फ्रिज आणि थोडे दिवे मिळून ५१०० वॅट, म्हणजे २२ अँपिअर. मे महिन्यातली दुपार त्यापेक्षा हलकी निघते. एसी, इस्त्री, मशीन, पंखे, फ्रिज धरून १५ अँपिअरच्या आसपास. वायर सकाळच्या हिशेबानं ठरवायची.

त्याच सकाळी खाली काय चालू असतं? एक गीझर, दिवे, फ्रिज आणि नळाला पाणी आलं असेल तर पंप. सोलापुरात काही दिवसांआड येणारं पाणी म्हणजे त्या दिवशी प्रत्येक घराचा पंप एकाच वेळी चालू. एक एचपीचा पंप ११०० वॅटच्या आसपास ओढतो, सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. खालचे सगळे मिळून ३५०० वॅट धरा. दोन्ही मजले मिळून ८६०० वॅट, ३७ अँपिअर. सिंगल फेजचं काम साधारण ४० अँपिअरपर्यंत. तुम्ही काठावर आहात, आणि उद्या खालीही एसी आला की पलीकडं.

आता वायरमनच्या ‘अडीचच्या वायरी’कडं बघा. अडीचची १८ अँपिअरची, वरचा मजला मागतोय २२. शिवाय खालच्या मीटरपासून वरच्या डीबीपर्यंत (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे एमसीबींची पेटी) १५ मीटरचा रस्ता धरला, तर त्या वायरीत ६ व्होल्टहून जास्त दाब वाटेतच जातो. संध्याकाळी खांबावरच दाब कमी असताना त्यात आणखी सहा गेले, की पहिला त्रास फ्रिजला आणि एसीच्या कॉम्प्रेसरला. सहाची चालून जाईल, पण मी दहाचीच घ्या म्हणेन. १५ मीटरला सहा आणि दहामधला फरक तुमच्या एकूण खर्चात जाणवणारही नाही. ३२ अँपिअरवरही दाबाची गळती सव्वादोन व्होल्टच राहते. पाइप ३२ मिलिमीटरचा, आणि फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही दहाच्या.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: वरच्या मजल्यानं खालून काहीही उसनं घ्यायचं नाही. फेज मीटरपासून स्वतंत्र, न्यूट्रल स्वतंत्र, अर्थ स्वतंत्र, डीबी स्वतंत्र. मीटरजवळ दोन डबल-पोल एमसीबी, एक खालसाठी, एक वरसाठी ३२ अँपिअरची. वरचा काही बिघाड झाला तर खालचं घर अंधारात जाणार नाही, आणि वर काम करताना वरची एमसीबी पाडली की दोन्ही तारा तुटलेल्या असतात.

वरच्या डीबीसाठी १२ वेपेक्षा (म्हणजे १२ खान्यांपेक्षा) लहान पेटी घेऊ नका. आठमध्ये हे सगळं बसणार नाही. आत दोन आरसीसीबी (करंट कुठं गळतोय असं दिसलं की पडणारी बटणं) हव्यात, दोन्ही ४० अँपिअर आणि ३० मिलिअँपिअरच्या. एकीवर दिवे-पंखे आणि खोल्यांतली सॉकेटं. दुसरीवर किचन, एसी आणि वॉशिंग मशीन. गीझरला मात्र स्वतःची आरसीबीओ द्या. ती जास्तीचा आणि गळणारा करंट दोन्ही बघते. कारण बोअरचं पाणी क्षाराचं असलं तर गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, कॉइल आतून तापते, वरची नळी चिरते आणि करंट पाण्यात उतरतो. हे दोन-तीन वर्षांत होतं. तेव्हा फक्त गीझर बंद पडावा, सगळं घर नाही.

सर्किटं अशी: दिवे-पंख्यांची दोन, दोन्ही दीडच्या वायरीनं, १० अँपिअरच्या एमसीबीवर. प्रघात असा की एका सर्किटवर १० पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त टाकायचं नाही. एकाच सर्किटवर सगळं घर टाकलं, तर रात्री एक दिवा शॉर्ट झाला की टॉर्च शोधायला पण उजेड नसतो. खोल्यांतल्या सॉकेटचं एक सर्किट अडीचचं, १६ अँपिअरची एमसीबी. किचनला दोन सर्किटं अडीचची, प्रत्येकावर १६ अँपिअरची दोनच सॉकेटं. इंडक्शन आणि फ्रिज एका सर्किटवर नको. इस्त्री आणि शिलाई मशीनचं एक स्वतंत्र. एसी, गीझर दोन्ही चारच्या, प्रत्येकाचा पाइप वेगळा, मध्ये कुठं जोड नाही. एसीचं यंत्र अजून आलं नसलं तरी वायर आत्ता ओढून ठेवा.

एकची वायर नवीन घरात टाकू नका. एक आणि दीड यांच्यातला भाव लक्षात राहण्याइतका नसतो, आणि दहा वर्षांनी कोणी तरी त्याच दिव्याच्या बोर्डातून कूलर लावतोच.

वायर घेताना आयएस ६९४ (वायरीचं भारतीय मानक) आणि आयएसआय मार्क बघायचाच, पण दुकानात वजनकाटाही बघा. अडीचच्या ९० मीटर बंडलात नुसतं तांबं दोन किलोच्या आसपास असतं. प्लास्टिकसकट बंडल अडीच किलोच्या खाली भरलं, तर तांबं कमी आहे किंवा लांबी कमी आहे. दोन्हीत फसवणूक तुमचीच. रंग ठरवून घ्या: फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. वायरमनकडं काळी संपली म्हणून लाल न्यूट्रल टाकला, असं चालू देऊ नका. पाच वर्षांनी येणारा दुसरा वायरमन रंगावर विश्वास ठेवून हात घालणार आहे. जोड फक्त बॉक्समध्ये, आणि पाइपात एकही नाही.

जिन्याचा दिवा. ही गोष्ट छोटी दिसते, पण वर मजला वाढवलेल्या घरांत आरसीसीबी विनाकारण पडते ती बहुधा याच दिव्यामुळं. वायरमन करतो असं: खालच्या टू-वे बटणाला फेज खालच्या बोर्डातून देतो, दोन बटणांमध्ये दोन तारा टाकतो, वरच्या बटणातून दिव्याला तार आणि दिव्याचा न्यूट्रल जवळ पडतो म्हणून वरच्या बोर्डातून घेतो. दिवा छान लागतो. आता आरसीसीबी काय करते? ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट मोजते. दोन्ही सारखे असतील तर ती गप्प बसते. फरक ३० मिलिअँपिअरवर पोचला की ती पडतेच. नऊ वॅटचा एलईडी दिवा ४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. खालच्या आरसीसीबीला दिसतं, ४० गेले, परत आले नाहीत. वरचीला दिसतं, कुठून तरी ४० परत आले, गेले तर नव्हते. दोन्हींपैकी एक पडणार. वायरमन दोन दिवस शोधतो, सापडत नाही, आणि शेवटी ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून ती काढून सरळ वायर जोडून जातो. दिवा बरोबर लागतो, घराचं संरक्षण गेलं.

आणि आरसीसीबी नसेल तर आणखी वाईट. तुम्ही वरची मेन पाडून वरच्या बोर्डात काम करताय, खाली कोणी जिन्याचं बटण दाबलं, तर दिव्यातून आलेला फेज वरच्या न्यूट्रल पट्टीवर उभा. मेन बंद आहे म्हणून हात घातलेला माणूस नेमका त्याच पट्टीला धरतो.

बरोबर पद्धत: जिन्याच्या दिव्याचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही वरच्या डीबीच्या दिव्यांच्या सर्किटमधून घ्या. फेज वरच्या बटणाला, तिथून दोन जोडतारा खालच्या बटणाला, खालच्या बटणातून एक परतीची तार पुन्हा वर दिव्याला. म्हणजे जिन्याच्या पाइपात तीन तारा आणि एक अर्थ. खालचं बटण खालच्या बोर्डात बसवू नका. त्याचा स्वतंत्र छोटा बॉक्स करा आणि आत कागदावर लिहून चिकटवा, ‘सप्लाय वरचा’.

इन्व्हर्टर घेणार असाल तर त्याच्यावरच्या दिव्यांचे फेज आणि न्यूट्रल डीबीपासूनच वेगळ्या जोडीनं न्यायला सांगा. उसन्या न्यूट्रलचा हाच गोंधळ तिथंही होतो.

आता अर्थिंगचा खड्डा. वायरमन ‘एमसीबी आहे ना’ म्हणेल, म्हणून हा हिशेब त्याला दाखवा. समजा गीझरचा फेज पत्र्याला लागला आणि तुमच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे, म्हणजे बऱ्यापैकी चांगला. जमिनीतून जाणारा करंट २३० भागिले १०, फार तर २३ अँपिअर. १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी लगेच पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ वर ती अर्धा-पाऊण तास, कधी तासाहून जास्त तशीच बसेल, आणि तोवर गीझरचा पत्रा करंटवर. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एक नसेल तर दुसरी अर्धीच.

जागा भिंतीपासून दीड मीटरवर, शक्यतो जिथं सांडपाणी किंवा झाडाचं पाणी मुरतं तिथं. ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, अडीच मीटर लांब, हा नेहमीचा प्रकार आयएस ३०४३ या अर्थिंगच्या मानकात दिलेला आहे. पण आपल्याकडं वर काळी माती आणि खाली मुरूम, मग कातळ. काळी माती पावसाळ्यात ओल छान धरते, पण उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाइपापासून सुटते. जूनमध्ये ५ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात त्याच्या कितीतरी पट दाखवतो. त्यामुळं पाइपाभोवती नुसतं मीठ-कोळसा न भरता बेंटोनाइटची माती भरा. ती ओल धरून ठेवते, पाइपाला चिकटून राहते, आणि मिठासारखा जीआय खात नाही. दीड मीटरवरच कातळ लागला, तर पाइप आडवा तोडून बसवण्याऐवजी दोन उथळ खड्डे तीन मीटर अंतरावर करा आणि दोन्ही जीआय पट्टीनं जोडा. वर जाळीचं झाकण आणि पाणी घालायला फनेल. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी घाला.

रोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो. बल्ब लावून ‘चमकला, अर्थिंग चांगलं’ म्हणणं म्हणजे मोजणं नाही. पाचच्या आत आला तर उत्तम, पण आरसीसीबी असली तर दहा-पंधरा ओहमवरही तुम्ही सुरक्षित आहात. अर्थची तार प्रत्येक सर्किटमध्ये फेजइतकीच जाड घ्या.

न्हाणीत सॉकेट नको, गीझरचं २० अँपिअरचं डबल-पोल बटण बाहेर. किचनमध्ये सॉकेट सिंक आणि शेगडीपासून निदान दोन फूट लांब. भिंतीच्या झिऱ्या उभ्याच मारा. ४ इंची भिंतीला आडवी झिरी मारली की ती तिथून चिरते. झिरी भरल्यावर वर जाळी ठोकून मग गिलावा, नाहीतर पाइपाच्या रेषेत तडा येतोच.

खालच्या घराचं १९९७ सालचं वायरिंग तसंच ठेवणार असाल तर आधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीच्या प्लास्टिकमधून गळती आहे का ते मोजायचं यंत्र) तपासून घ्या. फेज-न्यूट्रल एकत्र करून ते आणि अर्थ यांच्यात एक मेगाओहमच्या खाली आलं, तर कुठं तरी ओल शिरलेली आहे किंवा प्लास्टिक कडक होऊन तडकलंय. अशा घराला एकदम आरसीसीबी बसवली तर ती पडत राहील. दोष तिचा नसतो. एक-एक सर्किट सुटं करून गळती शोधायची, तेवढंच बदलायचं.

मीटरबद्दल. बिलावर ‘मंजूर भार’ बघा. जुन्या घरांचा तो एक-दोन किलोवॅट असतो आणि तुम्ही साडेआठ मागताय, तेव्हा भारवाढीचा अर्ज करावाच लागेल. दुसऱ्या मीटरची ओढ का असते ते कळतं. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, मग वाढत जातो, दोन मीटर म्हणजे स्वस्त टप्पा दोनदा. मुलाचा संसार, स्वयंपाकघर, जायची वाट खरोखर वेगळी असेल तर अर्ज जरूर करा. पण दोन मीटर घेतलेत तर वायरिंग पूर्ण वेगळं हवं, आणि ते वर सांगितल्याप्रमाणं केलंत तर तेव्हा काही फोडावं लागणार नाही. एकच मीटर ठेवणार असाल तर थ्री फेजचा विचार करा: खाली एक फेज, वरच्या खोल्यांना दुसरा, एसी-गीझर तिसऱ्यावर. मात्र एका बोर्डात एकच फेज ठेवा; दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात.

दोन्हीकडं परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तिथंच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. वायरमनला त्याचा परवाना विचारा, आणि टेस्ट रिपोर्टवर कोण सही करणार ते विचारा. मग हा कागद त्याच्यापुढं ठेवा. पैसे जास्त लागतील म्हणाला तर चालेल, ते खरंच जास्त लागतात. पण आरसीसीबी ‘उगाच पडते’ किंवा न्यूट्रल-अर्थ ‘एकच’ असं म्हणाला, तर स्लॅब भरायच्या आधी दुसरा शोधा. दहा दिवस आहेत.